ग्राहकाच्या नोंदीचे रकाने : कोठे तारीख, कोठे यादी, कोठे मजकूर?

दुकान सांभाळून विमा व म्युच्युअल फंडाचे काम करणारे काही व्यापारी आणि त्यांची शिकलेली मुले आमच्या वाचकांत आहेत. ग्राहक ५० असेपर्यंत वहीवर भागते. ३०० झाले की संगणक येतो आणि ग्राहकांची नोंद ठेवणारे तयार सॉफ्टवेअर घेतले जाते. नाव, पत्ता, फोन हे रकाने त्यात आधीच असतात. बाकीचे आपल्या धंद्याप्रमाणे आपण बनवायचे. त्यांना कस्टम फील्ड म्हणतात. असा रकाना बनवताना सॉफ्टवेअर विचारते, हा कोणत्या प्रकारचा? मजकूर, संख्या, तारीख, रक्कम, यादीतून निवड, की नुसती बरोबरची खूण? येथे घाईने ‘मजकूर’ निवडला जातो, कारण त्यात काहीही लिहिता येते. आमच्या मते पुढच्या कटकटीचे मूळ हेच.

रकान्यात आज काय भरायचे एवढेच पाहू नये. उद्या त्याला कोणता प्रश्न विचारायचा, ते पाहावे. पुढच्या महिन्यात कोणाचा विम्याचा हप्ता आहे, हे विचारायचे असेल तर रकाना तारखेचाच हवा. मजकुराच्या रकान्यात मुलाने ‘५ जून’ लिहिले आणि नोकराने ‘जूनचा पहिला आठवडा’, तर संगणकाला त्यातून यादी काढता येत नाही. हप्ता राहून विमा बंद पडला आणि त्यानंतर घरातला कमावता माणूस गेला, तर त्या रकान्याची किंमत त्याच्या बायकामुलांना मोजावी लागते.

तारखेबाबत आणखी एक. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळदा महिना आधी व दिवस नंतर असतो. तेव्हा ०३/०४/१९९० म्हणजे ३ एप्रिल नव्हे, ४ मार्च होतो. पहिल्याच दिवशी ही मांडणी बदलून घ्यावी. वयाचा रकाना तर करूच नये, जन्मतारीख ठेवावी. वय दरवर्षी खोटे ठरते.

आकडे दिसले की ‘संख्या’ निवडावी असेही नाही. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची तीच संख्या. मासिक उत्पन्न, विम्याची रक्कम, फंडाची युनिटे यांची बेरीज होते. युनिटांसाठी दशांशाची तीन स्थळे ठेवावीत. फोन क्रमांक, पिनकोड, बँक खाते व फोलिओ क्रमांक यांची बेरीज कोणी करत नाही. ते मजकुरातच ठेवावेत. खाते क्रमांक संख्येच्या रकान्यात घातला की सुरुवातीची शून्ये गळतात. एक्सेल तर संख्येचे १५ आकडेच अचूक ठेवते, सोळावा शून्य करून टाकते. पॅन १० अक्षरांचा आणि बँकेचा आयएफएससी ११ अक्षरांचा असतो. तेवढीच लांबी ठरवून दिली की एखादे अक्षर राहिल्यास ते तेथेच कळते.

खुणेचा रकाना सोपा वाटतो, पण फसवतो. ‘केवायसी झाले’ या चौकोनात खूण नसेल तर काय समजावे? झाले नाही, की कोणी विचारलेच नाही? शिवाय केवायसीची स्थितीही एकच नसते. व्हॅलिडेटेड, रजिस्टर्ड, ऑन होल्ड, रिजेक्टेड असे तिचे प्रकार आहेत. येथे निवडीची यादी करावी आणि तीत ‘तपासले नाही’ हाही पर्याय ठेवावा. जोखमीचेही तसेच. म्युच्युअल फंडांचा जोखीममापक २०२१ पासून सहा पायऱ्यांचा आहे. यादीत त्याच सहा पायऱ्या, त्याच शब्दांत घ्याव्यात. जोखमीसाठी एकच निवड हवी. उद्दिष्टासाठी मात्र अनेक निवडी लागतात, कारण एकाच माणसाला मुलीचे शिक्षण, हजचा खर्च आणि गाळ्याची पागडी हे तिन्ही एकदम जुळवायचे असते.

नॉमिनीचा रकाना ‘पत्नी’ असा एका शब्दात भरू नये. सेबीने २०२५ साली म्युच्युअल फंड व डीमॅट खात्यासाठी १० पर्यंत नॉमिनी नेमण्याची मुभा दिली आहे. सॉफ्टवेअरमध्ये जोडयादीची सोय असेल तर प्रत्येक नॉमिनीची वेगळी ओळ करावी. त्यात नाव मजकुरात, नाते यादीतून, जन्मतारीख तारखेत आणि वाटा संख्येत. जन्मतारीख असली की नॉमिनी अज्ञान आहे, पालकाचे नाव हवे, हे वेळेवर दिसते.

नावांचा घोळ आपल्याकडे विशेष. एकच गृहस्थ पॅनवर मोहम्मद, बँकेत मोहम्मद आडनावासह आणि पॉलिसीवर नुसते ‘मोहद’ असतात. आडनाव नसलेल्या ग्राहकाला सॉफ्टवेअर आडनाव भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, मग कोणी तेथे टिंब ठेवतो, कोणी वडिलांचे नाव. म्हणून ‘पॅनवरील नाव’ आणि ‘बँकेतील नाव’ असे दोन मजकुराचे रकाने वेगळे करावेत. दाव्याच्या वेळी अडकण्यापेक्षा तफावत आज कळलेली बरी.

जकातीची आठवण हवी असणारे ग्राहकही असतात. तेथे दरवर्षी फिरून येणारी तारीख लावून चालत नाही. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. तीन वर्षांत आठवण महिनाभर उशिरा येऊ लागते. हिजरी महिना व दिवस यादीतून निवडावा आणि त्या वर्षाची इंग्रजी तारीख दरसाल नव्याने भरावी.

मजकुराचा मोठा रकाना टाकाऊ आहे असे मात्र नाही. ‘भावाशी वाटणीचा वाद आहे, दुकानात पैशाचे बोलू नये’ ही गोष्ट कोणत्या यादीत बसणार?

हे सगळे माहिती भरण्यापूर्वी ठरवावे. भरलेल्या रकान्याचा प्रकार नंतर बदलला तर आतली माहिती जाऊ शकते. सेल्सफोर्ससारख्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही हा धोका आहे. बदलणे भागच असेल तर आधी सगळी नोंद बाहेर उतरवून घ्यावी, योग्य प्रकारचा नवा रकाना करावा, माहिती तपासून त्यात हलवावी आणि मगच जुना काढावा. सुरुवातीला निरनिराळ्या धंद्यांतले १० ग्राहक निवडून, यंत्रमागवाला, शिंपी, फळांचा अडत्या असे, त्यांचीच नोंद करून पाहावी. जो रकाना दहापैकी आठांकडे रिकामा राहतो तो बहुधा नकोच असतो.