पंख्याची घरघर आणि कल्याणचा सूर्य

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. देवळातलं कीर्तन त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. बुवा बोलत होते तोवर सगळं ठीक. ते क्षणभर थांबले की पंख्याची घरघर एकदम वर यायची. पंखा तर एकाच गतीने फिरत होता. मग तो रेकॉर्डिंगमध्ये का वाढला?

वाढला तो पंखा नव्हे, फोनचा कान. आवाज मोठा आला की गेन (आवाज किती पट वाढवायचा ते प्रमाण) कमी करायचा, बारीक झाला की वाढवायचा, असा एक अदृश्य हात फोनच्या आत सतत बटण फिरवत असतो. बुवा थांबले की त्या हाताला वाटतं, काहीच ऐकू येत नाही. तो गेन चढवतो आणि पंखा कीर्तनाला बसतो. रेडिओवर क्रिकेट ऐकलेल्यांना हे ओळखीचं असेल : समालोचक गप्प झाला की प्रेक्षकांचा गलका उसळायचा.

ही युक्ती शंभर वर्षांची आहे. १९२५ साली हॅरल्ड व्हीलर या अमेरिकन तरुणाने रेडिओसाठी तिचा शोध लावला. जवळचं स्टेशन लावलं की भोंगा कानठळ्या बसवायचा आणि लांबचं लावलं की कुजबुजायचा. व्हीलरने आलेल्या संकेतावरूनच एक व्होल्टेज तयार केलं आणि ते मागे फिरवून आधीच्या व्हॉल्व्हचा गेन दाबला. आजच्या जाहिराती ज्याला ‘स्मार्ट माइक’ म्हणतात, त्यातला बराचसा स्मार्टपणा व्हीलरचाच आहे.

पण मागे फिरवलेला निरोप उशिरा पोहोचला तर? दूरदर्शनचे दिवस आठवा. एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, दुसरा टीव्हीसमोर आणि तिसरा जिन्यात ओरडतोय, ‘‘आलं, आलं... गेलं!’’ निरोप वर पोहोचेपर्यंत अँटेना पुढे सरकलेली. मग ती मागे, पुन्हा पुढे. गेन सांभाळणारं सर्किटही नेमकं असंच हेलकावतं. त्याला चपळ करावं तर ते शब्दांचे चढउतारच खाऊन टाकतं. संथ करावं तर टाळाचा पहिला ठोका फाटतो आणि पुढचे दोन शब्द दबतात.

याहून चिवट शत्रू म्हणजे उष्णता. गेन बदलायला ट्रान्झिस्टर फार सोयीचा, कारण व्होल्टेज थोडंसं बदललं की त्याचा प्रवाह पटीत बदलतो. ते ‘थोडंसं’ मोजायचं माप खोलीच्या तापमानाला साधारण २६ मिलिव्होल्ट असतं. पण ते निरपेक्ष तापमानाबरोबर वाढतं. म्हणजे १० अंशांना जवळजवळ सव्वातीन टक्के. साध्या सर्किटमध्ये सकाळी ४० डेसिबलवर लावलेला गेन दुपारी पत्र्याच्या शेडखाली ३८.७ वर येतो. आकडा किरकोळ दिसतो, पण शक्तीच्या हिशेबात पाव भाग गेला! उपाय दोन. एक म्हणजे नियंत्रण करणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात तापमानाबरोबर वाढू द्यायचं. दुसरा बॅरी गिल्बर्ट यांचा, आणि तो मला फार आवडतो : ॲम्प्लिफायरला हातच लावायचा नाही. त्याचा गेन कायमचा बांधून ठेवायचा आणि त्याच्या आधी रोधकांचा जिना उभारायचा. दर पायरीला संकेताचं व्होल्टेज निम्मं होतं, म्हणजे संकेत ६ डेसिबल उतरतो. पायऱ्यांमधली उडी ऐकू येऊ नये म्हणून भार एका पायरीवरून दुसरीवर हळूहळू सरकवायचा. रोधक तापले तरी सगळे सारखेच तापतात. दोन भावांची उंची एकाच पटीत वाढली तर कोण कोणाच्या किती पट, हे बदलत नाही, तसं.

कीर्तनात पाव भाग कोणाला कळणार? रेडिओ खगोलशास्त्रज्ञाला मात्र तो जाळतो. आकाशातून येणारा संकेत म्हणजे निव्वळ खरखर, आणि रिसीव्हरची स्वतःचीही खरखरच. काटा वर गेला तर आकाश उजळलं की गेन चढला? १९४६ साली रॉबर्ट डिक यांनी रिसीव्हर सेकंदाला अनेकदा आकाश आणि एक ठरावीक स्रोत यांच्यात अदलाबदल करून हे कोडं सोडवलं.

आणि आता हेंद्रेपाड्याच्या वाचकांना एक शेजारची गोष्ट सांगतो. बदलापूरहून मुंबईकडे निघालात की चौथं स्टेशन कल्याण. तिथे १९६५ साली गोविंद स्वरूप यांनी ‘टाटा मूलभूत संशोधन संस्थे’ची पहिली रेडिओ दुर्बीण उभारली : १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या, सगळ्यांची नजर सूर्यावर. तबकड्या सिडनीजवळच्या पॉट्स हिलच्या. तिथल्या शास्त्रज्ञांना त्या नकोशा झाल्या होत्या, तेव्हा तिथे शिकायला गेलेल्या स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. नारायणगावजवळच्या खोडदच्या महादुर्बिणीमुळे स्वरूप सर्वांना ठाऊक आहेत. कल्याणची आठवण मात्र कल्याणकरांनाही नसते.

त्यांचं आणखी एक काम असंच मागे पडलं. उन्हात पडलेली लांब केबल तापली की तिच्यातून येणाऱ्या लहरीची वेळ चुकते, आणि अनेक तबकड्यांचे संकेत जुळवायचे तर ती चूक घातक. स्टॅनफर्डला असताना स्वरूप आणि यांग यांनी १९६१ साली सुचवलं, की तबकडीपर्यंत संकेत पाठवा, तिथून खूण करून परत फिरवा आणि जाण्यायेण्याचा मिळून फरक मोजा. केबल स्थिर करायच्या खटपटीत पडायचं नाही. ती किती बदलली ते कळलं म्हणजे झालं. जगभरच्या रेडिओ दुर्बिणी पुढे याच वाटेने गेल्या.

खोडदच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्यांतही हाच स्वभाव दिसतो. संकेताची पातळी आपोआप राखणारं सर्किट तिथेही आहे, पण ते गरजेनुसार बंद करता येतं. पल्सार ताऱ्याचे लयबद्ध ठोके मोजणाऱ्याला तो मदतीचा हात नकोच असतो. तो ठोकेच सपाट करील. शिवाय ठरलेल्या पातळीची खरखर मुद्दाम आत सोडून गेन तपासण्याची सोय आहे. आणि कल्याणला ३२ तबकड्या ज्याच्याकडे वळवून बसवाव्या लागल्या, तो सूर्य या तबकड्यांना इतका प्रखर पडतो की त्याच्याकडे पाहताना संकेत आधी दाबून घ्यावा लागतो. सर्वात मोठा दाब ४४ डेसिबलचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबात सुमारे २५,००० पट.