अनुदान 'सिस्टीममध्ये' अडकतं म्हणजे नेमकं कुठे अडकतं?

अतिवृष्टीचं अनुदान मंजूर झालं. गावच्या यादीत नाव आलं, विशिष्ट क्रमांक मिळाला, सेवा केंद्रात जाऊन अंगठाही दिला. तरी खात्यात पैसे नाहीत. तहसीलला विचारलं तर 'सिस्टीममध्ये आहे' एवढंच उत्तर. जालना जिल्ह्यातल्या अनेक शेतकऱ्यांना हे वाक्य पाठ झालं असेल.

ही 'सिस्टीम' म्हणजे एकच मोठा प्रोग्रॅम आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती साखळी असते. तलाठी पंचनाम्यावरून यादी भरतो, तहसील ती मंजूर करते आणि संगणक प्रत्येक शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक देतो. अंगठा दिला की पोर्टल बाहेरच्या यंत्रणेला, म्हणजे आधारला विचारतं: हा अंगठा या क्रमांकाचाच का? पुढे देयक यंत्रणा पाहते की या आधारला कोणती बँक जोडलेली आहे. मग पैसे त्या बँकेकडे जातात. म्हणजे एक प्रोग्रॅम दुसऱ्याला हाक मारतो, उत्तराची वाट बघतो आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवतो.

संगणकाच्या जगात ही पद्धत जुनी आहे. एखादा स्वयंचलित कार्यप्रवाह स्वतः सगळं करत नाही. ठरलेल्या वेळी किंवा ठरलेल्या घटनेनंतर तो बाहेरचा प्रोग्रॅम किंवा स्क्रिप्ट चालवतो. स्क्रिप्ट म्हणजे ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा. काम संपलं की ती एक आकडा परत करते, त्याला एक्झिट कोड म्हणतात. युनिक्सच्या काळापासूनचा संकेत असा की 0 म्हणजे काम झालं आणि दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी बिनसलं. मागवलेली आज्ञाच सापडली नाही, तर बहुतेक शेलमध्ये 127 येतो.

खरी गोची या शून्यात आहे. 'काम झालं' म्हणजे स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालली, एवढंच. एखाद्या स्क्रिप्टला यादीची फाइल रिकामी मिळाली, तर ती काहीही न करता शून्य देऊन मोकळी होऊ शकते. अनेक आज्ञा पाइपने जोडल्या असतील, तर नेहमीच्या मांडणीत फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल कळतो. पहिली कोसळली तरी शेवटची ठीक चालली म्हणून सगळं हिरवं दिसतं. हाताने चालवलेली स्क्रिप्ट रात्री आपोआप चालवली की बंद पडते, तो अनुभव तर प्रत्येक प्रोग्रॅमरला आलेला असतो. कारण साधं असतं: आपोआप चालताना तिला आपल्या खात्याच्या सेटिंग आणि फोल्डरचे पत्ते माहीत नसतात.

त्याहून नाजूक प्रश्न वेळेचा. बाहेरच्या यंत्रणेने उत्तरच दिलं नाही तर किती थांबायचं? तीस सेकंदांनी कार्यप्रवाहाने हार मानली, पण समोरच्या बाजूला काम झालेलं असेल तर? पुन्हा तीच विनंती पाठवली की पैसे दोनदा जाण्याचा धोका. म्हणून प्रत्येक व्यवहाराला न बदलणारा क्रमांक हवा. तो आधी येऊन गेलेला असेल, तर समोरची यंत्रणा दुसरी विनंती नाकारू शकते. चांगल्या रचनेत प्रत्येक पायरीची नोंद स्वतंत्र ठेवतात: कोणी हाक मारली, काय दिलं, काय परत आलं, किती वाजता.

पण साखळी बिनचूक चालली तरी चूक होऊ शकते, आणि याचं उदाहरण जालन्यातच आहे. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी अनुदानात बोगस लाभार्थ्यांच्या नावे कोट्यवधी रुपये उचलल्याचं 2025 मध्ये चौकशीत समोर आलं. महसूलचे कर्मचारी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. तांत्रिक बाजूने पाहिलं तर अशा प्रकारात यंत्रणा कुठेच कोसळलेली नसते. आधार सांगतं, अंगठा खरा. बँक सांगते, खातं चालू. प्रत्येकाने आपल्यापुरतं शून्य दिलेलं असतं. या माणसाच्या नावावर तेवढी जमीन आहे का, पीक खरंच बुडालं का, हे त्या दोघांना कोणी विचारलेलंच नसतं. तो प्रश्न पहिल्या पायरीचा, म्हणजे यादी भरणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या माणसांचा. यादीतलं क्षेत्र सातबाऱ्याशी आपोआप ताडून पाहणारी स्क्रिप्ट मध्ये बसवता येते. पंचनामा खरा होता का, हे मात्र तीही सांगू शकत नाही.

आता पुन्हा त्या न आलेल्या पैशांकडे. आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं गेलं, तिथेच थेट लाभाची रक्कम जाते; पासबुक दुसऱ्या बँकेचं दाखवून उपयोग नसतो. त्यामुळे 'सिस्टीममध्ये आहे' ऐकलं की तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: यादी मंजूर झाली का, अंगठ्याची पडताळणी यशस्वी दिसते का, आणि आधारला सध्या कोणती बँक जोडलेली आहे. शेवटची गोष्ट आधारच्या संकेतस्थळावर स्वतःच पाहता येते. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला असावा लागतो.