मान झुकवली, दृश्य बदललं. पेटंट नेमकं कशाचं?

मृगाचा पाऊस झाला की चिखली-मेहकर पट्ट्यात सोयाबीनच्या पेरणीची एकच घाई उठते. ट्रॅक्टरमागे पेरणीयंत्र जोडलेलं असतं आणि चालकाची मान सारखी मागे वळत असते. एखादी नळी ओल्या मातीने तुंबली आणि ते वेळेवर दिसलं नाही, तर ती ओळ कोरीच राहते. चूक कळते ती आठवड्याने, बाकीचं शेत उगवून आल्यावर.

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या चार विद्यार्थ्यांनी यावर उपाय काढला. पेरणीयंत्रावर छोटे कॅमेरे आणि चालकाच्या डोळ्यांवर स्मार्ट चष्मा. हात स्टिअरिंगवर असल्यामुळे बटण दाबायचं काम नाही. मान जरा खाली झुकवली की चष्म्यात पुढच्या नळीचं दृश्य येतं. उदाहरण काल्पनिक आहे; पण शेगाव, मलकापूर, चिखली किंवा बुलढाण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून सहज शोभेल असं. चष्मा चालवायच्या या पद्धतीला पेटंट मिळेल का? परीक्षणाच्या वाटेनेच जाऊन पाहू.

चष्म्याला हुकूम द्यायचे मार्ग

चष्म्याला कीबोर्ड नसतो, माउस नसतो, बोट फिरवायला मोठा पडदाही नसतो. त्यामुळे हुकूम कसा द्यायचा, हा या उपकरणाचा जुना प्रश्न आहे. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवायचा पडदा तयार केला. डोकं वळेल तसं त्यातलं चित्र बदलत असे. गुगल ग्लास २०१२ मध्ये जगापुढे आला आणि २०१३ मध्ये निवडक लोकांना १,५०० डॉलरला विकला गेला. त्याच्या उजव्या दांडीवर बोट फिरवता येई, ‘ओके ग्लास’ म्हणून आवाजाने हुकूम देता येई आणि डोकं वर उचललं की झोपलेला पडदा जागा होई.

पेटंटंही लागोपाठ आली. पडद्यावर सरकणाऱ्या वस्तूमागे नजर फिरवून कुलूप उघडण्याच्या पद्धतीचं पेटंट गुगलला २०१२ मध्ये अमेरिकेत मिळालं. दोन्ही हातांनी बदामाचा आकार करून समोरची गोष्ट ‘आवडली’ असं कळवण्याच्या पद्धतीचं २०१३ मध्ये. मेटा कंपनीने २०२५ मध्ये मनगटावरच्या स्नायूंचे विद्युतसंकेत वाचणारा पट्टा चष्म्याच्या जोडीला आणला. परीक्षक अर्ज उघडतो तेव्हा हा सारा इतिहास त्याच्यापुढे असतो.

अर्ज करण्याआधीची घोडचूक

महाविद्यालयातला नेहमीचा क्रम असा: प्रकल्प झाला की स्पर्धा, प्रदर्शन, स्थानिक वर्तमानपत्रात फोटो, यूट्यूबवर व्हिडिओ, आणि मग कोणीतरी सुचवतं, ‘याचं पेटंट करा.’ तोवर उशीर झालेला असतो. अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही प्रसिद्ध झालेली किंवा सर्वांसमोर आलेली गोष्ट नवी धरली जात नाही. ती स्वतः शोधकाने दाखवलेली असली तरीही.

कायद्यात थोडी सवलत आहे. केंद्र सरकारने अधिसूचना काढून मान्य केलेल्या प्रदर्शनात मांडणी केली, किंवा विद्वत्‌संस्थेपुढे शोधनिबंध वाचला, तर त्यानंतर १२ महिन्यांत अर्ज करता येतो. कॉलेजचं स्नेहसंमेलन त्यात बसत नाही.

घाई असेल तर तात्पुरतं, म्हणजे प्रोव्हिजनल, स्पेसिफिकेशन (शोधाचं लेखी वर्णन) दाखल करून तारीख पक्की करता येते. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यावं लागतं. हे १२ महिने फार मोलाचे आहेत. का, ते पुढे येईलच.

अर्ज कुठे आणि किती रुपयांत

देशात पेटंट कार्यालयं चार: कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि चेन्नई. महाराष्ट्रातल्या अर्जदाराचं कार्यालय मुंबईचं, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. मात्र त्यासाठी मलकापूर किंवा शेगावहून रात्रीची गाडी धरावी लागत नाही. अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवर घेतली जाते.

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना सवलतीचे दर आहेत. ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये, परीक्षणाच्या विनंतीचं ४,००० रुपये. मोठ्या कंपनीला याच कामांसाठी ८,००० आणि २०,००० रुपये लागतात. पानं ३० च्या वर किंवा दावे १० च्या वर गेले की जादा आकार पडतो. पेटंट एजंटची फी वेगळी.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. अर्ज केला म्हणजे परीक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी फॉर्म १८ भरून वेगळी विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. पूर्वी ती ४८ महिने होती. मुदत चुकली की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. अर्जदारांत एखादी महिला असेल किंवा अर्जदार स्टार्टअप असेल, तर फॉर्म १८ए भरून जलद परीक्षण मागता येतं. सर्वसाधारण अर्ज १८ महिन्यांनी पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. तेव्हापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही त्याला विरोध नोंदवू शकतो.

पहिली चाळणी: नवं आहे का?

परीक्षक आधी वाचतो ते दावे. पेटंटच्या कागदात वर्णन कितीही लांब असलं, तरी हक्क मिळतो तो दाव्यांत लिहिलेल्या शब्दांपुरता. शेताची हद्द सातबाऱ्यावर आणि मोजणीच्या नकाशावर ठरते. पेटंटची हद्द दाव्यांवर.

आपल्या विद्यार्थ्यांनी पहिला दावा असा लिहिला आहे असं धरू: ‘स्मार्ट चष्मा नियंत्रित करण्याची पद्धत, ज्यात वापरणाऱ्याने मान हलवल्यावर चष्म्यातलं दृश्य बदलतं.’ हा दावा पहिल्याच चाळणीत अडकेल. डोकं उचलून पडदा जागा करणं गुगल ग्लासमध्ये होतं. ‘पण ट्रॅक्टरवर कोणी केलं नव्हतं’ हे उत्तर चालणार नाही, कारण दाव्यात ट्रॅक्टर हा शब्दच नाही. आणि नुसता तो शब्द घातला, तरी पुढची चाळणी आहेच.

दुसरी चाळणी: जाणकाराला सहज सुचलं असतं का?

पेटंट कायद्याच्या कलम २ मध्ये ‘शोधक पाऊल’ म्हणजे काय ते सांगितलं आहे. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व हवं आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती गोष्ट उघड वाटता कामा नये. खरी लढाई इथे होते.

आता चष्मा शेतात नेऊ. दांडीत बसवलेला संवेदक हालचाल मोजतो. पण ढेकळांवरून चाललेल्या ट्रॅक्टरवर चालकाचं डोकं न हलवताही हलतं. चाक नांगरटीच्या तासात उतरलं की मान झुकते आणि चष्मा तो हुकूम समजतो. दृश्य आपोआप बदलत राहतं. प्रयोगशाळेत उत्तम चाललेलं यंत्र बांधावर वेडं होतं.

विद्यार्थ्यांनी यावर तोड काढली असं समजू. चालकाच्या खिशातल्या मोबाइलमध्येही हालचालीचा संवेदक असतो. तो धडाची हालचाल सांगतो, चष्मा डोक्याची. डोक्याच्या हालचालीतून धडाची वजा केली की उरते ती मुद्दाम केलेली. इथे अर्जाला पहिल्यांदा वजन येतं, कारण एक तांत्रिक अडचण आहे आणि तिचं तांत्रिक उत्तर आहे.

परीक्षक मात्र एवढ्यावर थांबणार नाही. लढाऊ विमानातल्या वैमानिकाच्या शिरस्त्राणाची दिशा मोजताना विमानाची हालचाल वजा करण्याचं तंत्र जुनं आहे. तो म्हणेल, ‘मानेने हुकूम देणं ठाऊक होतं, वाहनाची हालचाल वजा करणं ठाऊक होतं, जाणकाराने दोन्ही एकत्र केलं असतं.’

याचं उत्तर बारकाव्यात सापडतं. विमानात दुसरा संवेदक पक्का बसवलेला असतो आणि त्याची दिशा ठाऊक असते. खिशातला मोबाइल मात्र उभा, आडवा, उलटा, कसाही असतो आणि चालता चालता फिरतो. त्याची दिशा दर वेळी नव्याने कशी ओळखायची? ब्लूटूथवरून येणारी मोजणी किंचित उशिरा पोचते, ती चष्म्याच्या मोजणीशी कशी जुळवायची? चालक खरंच खाली वाकला, तर ते कसं ओळखायचं? विद्यार्थ्यांनी हे सोडवलं असेल, तर त्यांचा शोध तिथे आहे. ‘मान हलवून चष्मा चालवणं’ हे त्याचं फक्त दार.

तिसरी चाळणी: कलम ३

नवं आणि अनपेक्षित असूनही काही गोष्टींना आपल्याकडे पेटंट मिळत नाही. त्यांची यादी १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. आपल्या चष्म्याला त्यातली तीन पोटकलमं आडवी येऊ शकतात.

३(के) नुसार गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ’ संगणक प्रोग्राम वगळले आहेत. वजाबाकीचं सूत्र एकटंच लिहिलं, तर ते इथे अडकेल. ३(एन) माहितीची मांडणी वगळतं. ‘नळीचं चित्र डाव्या कोपऱ्यात, आकडे उजव्या’ एवढ्याला पेटंट नाही. ३(एफ) नुसार ठाऊक असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी ठेवल्या आणि प्रत्येक आपापलं काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर तो शोध नव्हे. चष्मा, कॅमेरा आणि मोबाइल एका पेटीत भरून शोध होत नाही. त्या जोडणीतून एकट्याने न होणारं काम व्हायला हवं.

‘निव्वळ’ या शब्दावर बराच खल झाला आहे. फरीद अल्लानी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की आजच्या डिजिटल काळात संगणक प्रोग्रामवर उभा असलेला प्रत्येक शोध नाकारणं मागासपणाचं ठरेल. प्रोग्राममुळे तांत्रिक परिणाम साधत असेल, तर पेटंटचा विचार व्हायला हवा. संगणकाशी निगडित शोधांच्या परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं पेटंट कार्यालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये प्रसिद्ध केली.

आपल्या उदाहरणात तांत्रिक परिणाम सरळ सांगता येतो: धक्क्यामुळे चुकून बसणारे हुकूम कमी झाले. पण हे विधान तोंडी चालत नाही. वजाबाकी नसताना एका एकरात किती वेळा दृश्य आपोआप बदललं आणि वजाबाकीनंतर किती वेळा, याचा तक्ता स्पेसिफिकेशनमध्ये असेल तर उत्तराला आधार मिळतो.

हरकती आल्या, आता?

परीक्षक हरकतींचा जो पहिला अहवाल पाठवतो त्याला एफईआर म्हणतात. तो आला म्हणजे अर्ज बुडाला, असं समजून अनेक नवखे खचतात. प्रत्यक्षात हरकतीशिवाय सुटलेले अर्जच विरळा. उत्तराला ६ महिने मिळतात, विनंती आणि शुल्क भरून आणखी ३. या मुदतीत उत्तर न देणं मात्र महागात पडतं. अर्ज सोडून दिला असं मानलं जातं.

उत्तरात दोन गोष्टी करता येतात: युक्तिवाद आणि दावे आवळणं. पहिला दावा आता असा होईल: चष्म्यातला संवेदक, शरीरावर न बांधता ठेवलेला दुसरा संवेदक, त्याची दिशा ओळखण्याची पायरी, दोन्ही मोजण्यांची वेळ जुळवण्याची पायरी, वजाबाकी, आणि मग दृश्य बदलणं. हद्द लहान झाली, पण टिकाऊ झाली.

इथे कलम ५९ ची लक्ष्मणरेषा आहे. दुरुस्ती करून दावा अरुंद करता येतो, रुंद नाही. आणि जे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नव्हतं ते नंतर आत घालता येत नाही. ‘मोबाइल खिशात फिरतो’ ही अडचण आणि तिचा उपाय पहिल्या कागदात लिहायचा राहिला असेल, तर एफईआरनंतर आठवून काही उपयोग नाही. म्हणूनच ते १२ महिने मोलाचे. प्रोव्हिजनल दाखल करावं, शेतात चाचण्या घ्याव्यात आणि सापडलेलं सगळं पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये उतरवावं. नव्याने घातलेल्या भागाला मात्र पूर्ण स्पेसिफिकेशन दिल्याच्या दिवसाचीच तारीख मिळते, हे ध्यानात ठेवून तोवर जाहीर वाच्यता टाळावी.

उत्तराने समाधान झालं नाही तर पेटंट कार्यालयातले निर्णय देणारे अधिकारी, म्हणजे कंट्रोलर, सुनावणी घेतात. मंजूर झालेलं पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, पण तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क भरत राहावं लागतं. हक्क भारतापुरता असतो. परदेशात हवा असेल तर पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांच्या आत पाऊल उचलावं लागतं.

कोणतं कवच कशाला

एका चष्म्यावर हक्क अनेक असू शकतात. फ्रेमचा आकार वेगळा असेल तर डिझाइन नोंदणी, प्रोग्रामच्या लिखाणाला कॉपीराइट, नावाला ट्रेडमार्क. पेटंट त्या तांत्रिक पद्धतीपुरतं. विद्यार्थी अनेकदा या चारही गोष्टी पेटंटच्या एकाच अर्जात कोंबतात आणि मूळ शोध त्या गर्दीत हरवतो.

चालकाचा प्रश्न

असा चष्मा एखाद्या चालकाला दाखवला, तर तो अल्गोरिदमचं विचारणार नाही. त्याचा प्रश्न साधा असेल: ‘ढेकळात चालंल का हे?’ परीक्षकही कायद्याच्या भाषेत बरंचसं तेच विचारतो: अडचण कोणती, उपाय कोणता, फरक किती पडला? तेव्हा अर्ज लिहायला बसण्याआधी विद्यार्थ्यांनी एक दिवस ट्रॅक्टरवर काढावा, सोबत वही घेऊन. चष्मा कुठे चुकला, कितीदा चुकला, काय केल्यावर सुधारला, हे त्या वहीत उतरलं की दाव्यांचा कच्चा खर्डा तिथेच तयार होतो.