चाल गोड, शब्द बोचरे

एखाद्या पदाची चाल मनात घोळत राहते आणि शब्द मात्र कानाला बोचतात, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. ‘संगीत मानापमान’ (१९११) हे नाटक घ्या. गोविंदराव टेंबे यांच्या चाली आम्हांस आजही मोहवितात. खाडिलकरांची पदरचना मात्र ठिकठिकाणी ओढूनताणून केलेली वाटते. याचे कारण नाट्यपदांच्या रीतीतच आहे. चाल आधी ठरायची आणि तिच्या मापाने शब्द बसवायचे; मग अर्थाची ओढाताण होणारच. म्हणून सबंध पद टाकून देणे जसे अन्यायाचे, तसेच चालीच्या प्रेमापोटी शब्दांची भलावण करणेही अप्रामाणिकपणाचे. चाल, शब्द आणि गळा यांचा हिशेब आम्ही वेगवेगळा मांडतो, तो गाण्यावरील प्रेमामुळेच.