घरात एकाला हृदयाच्या स्नायूचा आजार, मग बाकीच्यांचं काय?

आजार कोणता

तिशीतला माणूस खेळताना कोसळतो. घरचे म्हणतात, अटॅक आला. मग कोणीतरी आठवण काढतं, चुलतेही असेच तरुणपणी गेले. अशा घरात रक्तवाहिन्यांबरोबर हृदयाच्या स्नायूचाही संशय घ्यायलाच हवा. हा आजार म्हणजे कार्डिओमायोपॅथी. त्यातल्या हायपरट्रॉफिक प्रकारात ब्लडप्रेशर नसतानाही हृदयाची भिंत जाड होते. साधारण ५०० माणसांत एकाला तो असतो.

दोष कुठे

१९९० मध्ये हार्वर्डच्या क्रिस्टीन आणि जोनाथन साइडमन यांच्या गटाला कॅनडातल्या एका मोठ्या कुटुंबात मायोसिन या प्रथिनाच्या जनुकात या आजाराला कारण ठरणारा बदल सापडला. आज ज्या रुग्णांत दोष सापडतो, त्यांतल्या बहुतेकांत तो याच जनुकात किंवा 'एमवायबीपीसी३' या दुसऱ्या जनुकात असतो. आई किंवा वडिलांकडून एक सदोष प्रत आली तरी पुरते, म्हणून मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला निम्मी शक्यता. तरीही तोच दोष घेऊन एक भाऊ विशीत आजारी पडतो आणि दुसरा सत्तरीतही धडधाकट असतो.

भारतीयांतली २५ अक्षरांची तूट

२००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांच्या एमवायबीपीसी३ जनुकातली डीएनएची २५ अक्षरं गळालेली असतात. ऐकून घाबरू नये. ही तूट असलेले बहुतेक जण ठणठणीत असतात. सोबत त्याच जनुकात दुसरा बदल असेल तर धोका खरा वाढतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. दोन्ही प्रती तुटलेल्या असतील तर मात्र लहानपणीच गंभीर आजार होऊ शकतो. नात्यात लग्न झालं तर आईवडील दोघांकडूनही तीच तूट येऊ शकते, म्हणून मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांनी हे डॉक्टरांना सांगावं.

तपासणी कोणाची

रुग्णाचे आईवडील, भावंडं आणि मुलं, सगळ्यांची: ईसीजी आणि टूडी इको. इको एकदा नॉर्मल आला म्हणून थांबू नये, भिंत बरेचदा वयात येताना जाड होऊ लागते. जनुकचाचणी आधी रुग्णाची करतात. दोष नक्की झाला की नातेवाइकांत तेवढाच शोधतात. ज्याच्यात तो नाही, त्याला दर काही वर्षांनी इको करावा लागत नाही. लग्न मोडेल म्हणून मुलींची तपासणी टाळली जाते, हे फार वाईट आहे. आजार असेल तर त्याच मुलीला पुढे गरोदरपणात हृदयरोगतज्ज्ञाची देखरेख लागणार असते.