निर्मात्याचे पलायन आणि गावाचे उत्तरदायित्व : ‘फ्रँकेन्स्टाइन’पासून खानोलकरांच्या ‘चानी’पर्यंत

प्रास्ताविक

होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रॅन्टो’ (१७६४) या कादंबरीपासून इंग्रजीतील गॉथिक साहित्याचा आरंभ मानला जातो. पडके किल्ले, भुयारे, वंशाला लागलेले शाप आणि मध्यरात्रीच्या सावल्या ही या साहित्यप्रकाराची बाह्य सामग्री होय. मराठी वाचकाला नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांमुळे भयाचे हे वातावरण अपरिचित नाही. परंतु गॉथिक साहित्याचा विचार केवळ भयाच्या अंगाने केला, तर त्यातील एक गंभीर नैतिक प्रश्न दुर्लक्षित राहतो. ज्याने एखादा जीव अस्तित्वात आणला, त्याचे त्या जिवाशी नाते काय, आणि त्याने ते नाते नाकारल्यास उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी आणि वेंगुर्ले तालुक्यातील बागलांची राई येथे जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) यांचे कथात्म साहित्य समोरासमोर ठेवून या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. खानोलकरांना ‘गॉथिक लेखक’ असे लेबल लावण्याचा येथे हेतू नाही. तसे करणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. मात्र गॉथिक साहित्याने विचारलेल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग त्यांनी विचारला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

व्हिक्टरचा अपराध कोणता?

‘फ्रँकेन्स्टाइन’चा जन्म १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराच्या काठी झाला. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि त्याच्या राखेमुळे युरोपात त्या वर्षी उन्हाळा जणू आलाच नाही. पावसाने घरात अडकलेल्या मित्रमंडळींनी प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी असे ठरवले. त्या वेळी मेरीचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत तिची आई, स्त्रीहक्कांची थोर पुरस्कर्ती मेरी वुलस्टनक्राफ्ट, मरण पावली होती, आणि १८१५ मध्ये मेरीचे स्वतःचे पहिले, अपुऱ्या दिवसांचे मूल दगावले होते. जन्म देणे आणि जन्मलेल्याला सांभाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तिला ग्रंथांतून शिकावे लागले नव्हते. कादंबरी १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली.

या कादंबरीचे प्रचलित आकलन असे की, मनुष्याने देवाचे काम आपल्या हाती घेतले आणि त्याची शिक्षा भोगली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा निघाली की याच अर्थाने या कादंबरीचे नाव घेतले जाते. मूळ संहिता काळजीपूर्वक वाचल्यास मात्र हे आकलन अपुरे वाटते. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला जीव डोळे उघडतो आणि त्याच क्षणी व्हिक्टर खोलीतून पळून जातो. त्या जिवाने तोवर कोणतेही पाप केलेले नसते. त्याचा दोष एवढाच की तो दिसायला कुरूप असतो. पुढे हा जीव एका गरीब कुटुंबाच्या झोपडीशेजारी लपून राहतो, त्यांचे बोलणे ऐकून भाषा शिकतो, मिल्टनचे महाकाव्य आणि प्लुटार्कची चरित्रे वाचतो, रात्री गुपचूप त्या कुटुंबासाठी सरपण तोडून ठेवतो. हत्या त्यानंतर येतात, प्रत्येक दारातून हाकलला गेल्यावर. शिवाय त्याला नाव नाही. लोकांनी त्याला त्याच्या निर्मात्याचेच आडनाव बहाल केले. आमच्या वर्गातही दर वर्षी बहुसंख्य विद्यार्थी त्या जिवालाच ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणतात. ही चूक दुरुस्त करताना मला अलीकडे संकोच वाटतो, कारण बापाचे नाव मुलाला लावणे यात चूक ती कोणती?

जेम्स व्हेल यांच्या १९३१ च्या प्रसिद्ध चित्रपटाने या जिवाची वाणीच काढून घेतली. कादंबरीत जो आपल्या निर्मात्यासमोर उभा राहून तर्कशुद्ध युक्तिवाद करतो, तो पडद्यावर केवळ गुरगुरणारा देह झाला. वादीचे तोंड बंद केले की खटला आपोआप निकालात निघतो.

अध्यापकवर्गाच्या दृष्टीने कादंबरीतील आणखी एक तपशील लक्षणीय आहे. व्हिक्टर इंगोल्स्टाट येथील विद्यापीठात शिकतो. त्याचे एक प्राध्यापक क्रेम्पे त्याच्या जुनाट वाचनाची टर उडवतात, तर दुसरे, वाल्डमन, आधुनिक रसायनशास्त्राच्या सामर्थ्यावरील व्याख्यानाने त्याला भारून टाकतात. पुढे हा बुद्धिमान विद्यार्थी रात्ररात्र जागतो, खंगत जातो, स्मशाने आणि शवागारे धुंडाळतो. तो काय करीत आहे, याची विचारपूस एकही गुरू करीत नाही. वाल्डमन हे कादंबरीतील अत्यंत सौजन्यशील पात्र आहे. त्यांच्या सौजन्याने काहीही वाचले नाही.

भस्मासुराची उपमा

मराठीत अशा प्रसंगी ‘भस्मासुर’ हा शब्द तत्परतेने वापरला जातो. धरणापासून अणुऊर्जेपर्यंत अनेक गोष्टींना वृत्तपत्रांनी हे नाव दिले आहे. परंतु ही उपमा प्रस्तुत प्रश्नाला पुरी पडत नाही. भस्मासुर हा शंकराने घडवलेला नाही. तो तप करून वर मिळवतो आणि वर मिळताच दात्याच्याच मस्तकावर हात ठेवू पाहतो. कथेतील सारा दोष घेणाऱ्याच्या कृतघ्नतेकडे जातो. देणाऱ्याने पुढचा विचार का केला नाही, हे विचारण्याची गरज उरत नाही, कारण मोहिनीच्या रूपाने विष्णू येऊन तो पेच सोडवतो. शेलींच्या जगात मोहिनी येत नाही.

भयाची राखण

येथे दक्षिण कोकणातील लोकधर्माकडे वळणे आवश्यक आहे, कारण खानोलकरांची कथा त्याच मातीतून येते. सिंधुदुर्गातील गावांत भीतिदायक शक्तींना हाकलून देण्याची नव्हे, तर सांभाळण्याची रीत आहे. गावाच्या सीमेवर, पाणंदीवर, एखाद्या वडाखाली राखणदार असतो आणि त्याला वर्षाची ‘राखण’ दिली जाते. जयवंत दळवी यांच्या आरवली गावचा वेतोबा हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. वेताळ हा भुताखेतांचा अधिपती. पण आरवलीत तो ग्रामदैवत आहे. तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा असल्याने भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात, केळीचे घड वाहतात. देवळात गाऱ्हाणे घातले जाते आणि प्रत्येक मागणीला जमलेले गाव ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ देते. हा व्यवहार दुहेरी असतो. देवाने गाव राखावे, गावाने देवाला राखावे. ज्याचे भय वाटते त्याच्याशी बोलावे, त्याचा मान ठरवावा आणि तो वर्षानुवर्षे पाळावा, असा हा करार आहे. यात अंधश्रद्धेचा आणि भीतीच्या व्यापाराचा भाग नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही व्हिक्टरला जे एका रात्री जमले नाही, ते ही गावे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत.

मग याच गावांत परित्यक्त जीव कसा काय निर्माण होतो? खानोलकरांचे महत्त्व येथे आहे.

कोंडुरा आणि चानी

‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबरीचे नाव वेंगुर्ले तालुक्यातील समुद्रकाठच्या एका स्थळावरून आले आहे. घरातून अपमानित होऊन निघालेल्या परशुरामाला तेथे एक सिद्धपुरुष भेटतो, ब्रह्मचर्याच्या अटीवर सामर्थ्य देतो आणि एक मुळी देतो. श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये या कादंबरीवर हिंदी व तेलुगू चित्रपट केला. वर देणारा अट घालतो, पण विवेक देत नाही. पापाचा गर्भ समजून ज्यावर मुळीचा प्रयोग होतो, तो गर्भ निष्पाप असल्याचे मागाहून कळते. तेव्हा उत्तर देण्यासाठी देणारा तेथे नसतो. व्हिक्टर आपल्या कृतीपासून पळाला, हा सिद्धपुरुष कृती दुसऱ्याच्या हाती सोपवून नाहीसा होतो.

त्याहून अधिक अस्वस्थ करते ती ‘चानी’ (१९७०). चानी म्हणजे मालवणीत खार. गावातील एका स्त्रीवर गोऱ्या माणसाने केलेल्या अत्याचारातून जन्मलेली ही मुलगी. केस सोनेरी, डोळे निळे. गाव तिला आपली मानत नाही. १९७७ मध्ये व्ही. शांताराम यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि रंजना यांनी ती भूमिका केली. शेलींच्या जिवाशी तिची तुलना केल्यास एक विलक्षण उलटापालट दिसते. तो कुरूप म्हणून नाकारला गेला. ही सुंदर आहे आणि नेमके तिचे सौंदर्यच तिच्या जन्माचा पुरावा ठरते. ती आरशात पाहते तेव्हा तिला पळून गेलेला बाप दिसत असणार. त्या बापाला शोधणे तिला शक्य नाही. व्हिक्टरचा जीव आपल्या निर्मात्याचा माग काढू शकतो, त्याला जाब विचारू शकतो. चानीच्या वाट्याला जाब विचारण्याजोगा माणूसच उरलेला नाही. उरले आहे ते गाव.

आणि हे गाव असे आहे की ज्याला भीतीशी करार करता येतो. वेताळाच्या वहाणा झिजल्या की याच पट्ट्यातील माणसे नव्या करून आणतात. त्यात चर्मकाराचे श्रम असतात, नवस फेडणाऱ्याचे पैसे असतात, मानकऱ्यांचा क्रम असतो. अनवाणी हिंडणाऱ्या एका पोरीसाठी मात्र गावाकडे रीत नाही. सामर्थ्यवान भयाला मान मिळतो, दुबळ्या वेगळेपणाला मिळत नाही. त्यामुळे पूर्वी सांगितलेल्या करारातील एक कलम नजरेस येते, जे गाऱ्हाण्यात कधी उच्चारले जात नाही. जो परतफेड करू शकतो, राखू किंवा बुडवू शकतो, त्याचीच राखण केली जाते. चानी गावाला ना तारू शकते ना मारू शकते. एक लहान मुलगा तिचा सखा होतो, एवढेच. आणि मुलांना गावाच्या बैठकीत मत नसते.

वर्तुळाचा न्याय

खानोलकरांच्या मनात हा प्रश्न शेवटपर्यंत घोळत होता, याला एक परिस्थितिजन्य पुरावा आहे. ब्रेख्तच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ या नाटकाचे त्यांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे मराठी रूप सिद्ध केले, आणि विजया मेहता यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्यासमवेत ते १९७० च्या दशकात रंगमंचावर आणले. एखाद्या कामासाठी विचारणा झाली म्हणून लेखक अनुवाद करतो, हे खरे. पण विषयाची निकटता दृष्टिआड करता येत नाही. या नाटकातील जन्मदाती आई बंडाळीच्या वेळी आपल्या उंची वस्त्रांच्या काळजीत तान्ह्या मुलाला मागे टाकून पळते. एक मोलकरीण त्याला उचलते, डोंगरदऱ्यांतून वाचवते, वाढवते. पुढे खटला उभा राहतो. न्यायाधीश खडूने वर्तुळ आखतो, मुलाला मध्ये उभे करतो आणि दोघींना त्याला आपल्याकडे खेचायला सांगतो. मुलाला इजा होईल म्हणून मोलकरीण हात सोडते, आणि मूल तिचे ठरते.

ब्रेख्तला हा निर्णय देता आला, कारण वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी उभे होते. शेलींच्या कादंबरीत जन्मदाता आहे, पण पाळणारा कोणी नाही. झोपडीतील आंधळा म्हातारा क्षणभर त्या जिवाचे बोलणे आपुलकीने ऐकतो, तोच मुले परततात आणि त्याला मारून हुसकावतात. ‘चानी’त जन्मदाता केव्हाच निघून गेला आहे आणि गाव वर्तुळापाशी यायलाच तयार नाही. वेंगुर्ले–शिरोडा परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना वेतोबाच्या वहाणांबद्दल सांगावे लागत नाही. चानीबद्दल मात्र सांगावे लागते.