यादीत कोण नाही?

वैद्यकीय प्रवेशाच्या याद्या लागल्या की गुणवंतांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात. आमच्याही पानांवर ती येतात व आम्हांस त्याचा आनंदच आहे. मात्र ही मुले कोणत्या शाळांतून आली, हे सहसा कोणी विचारीत नाही.

तामिळनाडूने ते विचारले. तेथे 2017 पासून ‘नीट’ परीक्षा लागू झाली. तत्पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे. तेव्हाही सरकारी शाळांतील मुले मूठभरच होती, हे कबूल केले पाहिजे. पण शिकवणी वर्गांचे भरमसाट शुल्क ज्यांना झेपेना ती यादीतून जवळजवळ पुसलीच गेली. न्या. कलैयारसन आयोगाने अशा मुलांसाठी 10 टक्के जागा सुचविल्या. सरकारने 2020 साली, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून ‘नीट’ उत्तीर्ण झालेल्यांसाठी 7.5 टक्के जागा राखल्या. राज्यपालांची संमती रेंगाळली तेव्हा 29 ऑक्टोबर रोजी सरकारने थेट आदेशच काढला, आणि काय आश्चर्य, दुसऱ्याच दिवशी संमती आली! पुढे या मुलांचे शुल्कही सरकारने उचलले. एप्रिल 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. पाच वर्षांत त्याचा फेरविचार व्हावा, असेही सुचविले. ते रास्तच आहे. राखीव जागा दिल्या म्हणून शाळा सुधारण्याचे कर्तव्य संपत नाही.

गुणवत्ता खालावेल, ही ओरड आम्हांस पटत नाही. ही मुले तीच ‘नीट’ उत्तीर्ण होतात आणि पदवीच्या परीक्षाही त्याच देतात. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तर गांधीविचाराची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला जीवशास्त्रापलीकडचेही काही विचारावे, ही त्यामागील दृष्टी होती. ‘नीट’ आली आणि तीही गेली.

आमच्या गोमंतकात 1842 साली वैद्यकीय शाळा निघाली, ती पोर्तुगीज भाषेची. ज्याच्या घरी वा शाळेत ती भाषा नव्हती, त्याला ते दार बंदच होते. आज दाराची भाषा बदलली, पण शिकवणी वर्गाची पावती नवी भाषा होऊ पाहत आहे. गावडा, कुणबी, वेळीप समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, ही मोठीच गोष्ट झाली. तरीही सत्तरी, सांगे, काणकोणच्या आडगावांतून किती मुले बांबोळीला पोचतात? वाळपईपलीकडची म्हातारी आपल्या बोलीत दुखणे सांगते, तेव्हा ते दुभाष्यावाचून समजणारा डॉक्टर तेथूनच यायचा आहे.

म्हणून आमची मागणी लहानशीच आहे. बांबोळीत प्रवेश मिळालेली मुले कोणत्या तालुक्यांतील व कोणत्या प्रकारच्या शाळांतील आहेत, याचा तक्ता सरकारने दरवर्षी प्रसिद्ध करावा. त्यासाठी आयोग नेमायला नको. प्रवेशाच्या वेळी जोडलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर ते सारे लिहिलेले असते.